जिवंत दात्याचं वय, वजन, यकृतातली चरबी यांचा यकृत प्रत्यारोपणाच्या यशावर किती परिणाम होतो?

होतो, पण लोक रक्तगट जुळला की निश्चिंत होतात, तिथेच थोडं थांबायला हवं.

सगळ्यात आधी बघतात ते आकारमान. दात्याच्या यकृताचा मिळणारा तुकडा साधारणपणे रुग्णाच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी हवा. म्हणजे ७० किलोच्या रुग्णाला सुमारे ५६० ग्रॅम. तुकडा फार लहान पडला तर रक्ताचा जोर त्याला झेपत नाही. कावीळ हटत नाही, पोटात पाणी साचत राहतं. आणि दात्याकडेही किमान ३० टक्के यकृत उरायलाच हवं. रुग्णासाठी कितीही घाई असली तरी इथे तडजोड नको, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट चरबी. फॅटी लिव्हर असेल तर तुकडा नीट काम करत नाही, दात्याचं यकृतही हळू भरून येतं. पण हे बऱ्याचदा सुधारता येतं. नकार मिळालेला दाता काही आठवड्यांत वजन उतरवून पुन्हा तपासणीत पास होऊ शकतो.

वय वाढलं की कापलेल्या यकृताची पुन्हा होणारी वाढ मंदावते, म्हणून बहुतेक ठिकाणी पन्नाशी-पंचावन्नच्या आतला दाता पसंत करतात. पित्तनलिकांची रचनाही एमआरआयमध्ये बघतात. एकाऐवजी दोन-तीन तोंडं जोडावी लागली तर पित्तगळतीचा धोका वाढतो.