गाडी चिखलात घालण्याआधी

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी एक्सपल्स २०० फोर व्ही ही मोटरसायकल घेतली. आजवर ऑफिस आणि पाम बीच रोड, एवढंच तिचं जग. पाऊस ओसरला की मित्रांबरोबर मुरबाड-माळशेज बाजूच्या कच्च्या वाटांवर न्यायचा विचार आहे. क्रॅश गार्ड, दोन फॉग लाइट, मागे पेटी आणि वेगळा सायलेन्सर अशी यादी केली आहे. पंचवीस हजार बाजूला ठेवलेत. आधी काय बसवू? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : यादी फाडून टाका. राग मानू नका, पण त्यातलं काहीच तुम्हाला चिखलातून बाहेर काढणार नाही. गाडी मुळातच दीडशे किलोच्या पुढे आहे. त्यावर लोखंड आणि पेटी चढवाल, मग ती ओढ्यात आडवी होईल आणि उचलायला तुम्हीच असाल. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं फिटर होतो. आता कळव्यात घरामागच्या शेडमध्ये पोरांच्या गाड्या बघतो. माझ्याकडे आलेल्या बहुतेक गाड्यांतून मी काढलंय जास्त, बसवलंय कमी.

पहिला खर्च टायरचा. तुमच्या गाडीला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८. खोल गोट्यांचे, म्हणजे मोठ्या रबरी उंचवट्यांचे टायर चिखलात उत्तम, पण तेच टायर ओल्या ठाणे-बेलापूर रोडवर ब्रेक लावला की घसरतात. तुम्ही रोज ऑफिसला जाणार, म्हणून मधल्या जातीचे घ्या. पैसे एकाच टायरचे असतील तर पुढचा बदला. मागचं चाक घसरलं तर माणूस सावरतो, पुढचं घसरलं की थेट जमीन.

टायरइतकीच महत्त्वाची हवा. डांबर संपलं की पुढे १८, मागे २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, दगडाला धरतो. त्याखाली मात्र जाऊ नका. तुमच्या चाकात ट्यूब आहे आणि आपल्याकडचा काळा दगड धारदार. हवा फार कमी असली की दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि सापाने चावा घेतल्यासारखी दोन भोकं पडतात. परत डांबरावर येताना हवा भरायला हातपंप लागतो, तो घ्या. जड माणसाने दोन पीएसआय वर राहावं.

आता एक गोष्ट, जी मला वैशाखरे गावाच्या अलीकडे भर पावसात शिकायला मिळाली. ट्यूबच्या नोझलवर एक छोटा नट असतो. पंक्चरवाला तो रिमला गच्च आवळून देतो, आपल्यालाही ते नीटनेटकं वाटतं. कमी हवेवर जोरात रेस दिली की टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते, नोझल मात्र नटाने धरून ठेवलेलं. मुळातून उपटलं. त्याला ठिगळ लागत नाही. रस्त्यापर्यंत गाडी ढकलली तेव्हा अंधार पडला होता. तेव्हापासून मी तो नट रिमपासून सोडवून वर टोपणाला टेकवून ठेवतो. नोझल तिरकं दिसलं की समजायचं, टायर सरकलाय. हवा सोडायची, सरळ करायचं, पुन्हा भरायची. खर्च शून्य.

सोबत २१ इंची ट्यूब ठेवा. अडचणीच्या वेळी तीच घड्या न पडू देता मागच्या १८ इंची चाकातही बसते, घरापर्यंत आणते. दोन टायर लिव्हर घ्या आणि निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा स्वतः चाक उघडा. पहिल्यांदा दोन तास लागतील, बोटं सोलतील. जंगलात पहिल्यांदा करण्यापेक्षा बरं.

उरलेल्या पैशांत इंजिनाखाली जाड अॅल्युमिनियमचा पत्रा आणि आत धातूची पट्टी असलेले हँडगार्ड. पत्र्याला भोकं आहेत ना, ते बघून घ्या, नाहीतर आत चिखल साठून वाळतो. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर हँडलवर ज्या क्लॅम्पने धरलेत तो किंचित सैल ठेवा, इतपत की जोर लावल्यावर फिरेल. गाडी पडली तर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो. तो थोडा खाली झुकवा, कारण खडबडीत वाटेवर तुम्ही उभे राहून चालवणार. फूटरेस्टचं रबर काढा, ओल्या बुटाला धातूचे दातच धरतात.

शॉकअपबद्दल कोणी विचारत नाही. गाडी सरळ उभी धरायला मित्राला सांगा, बूट-सामानासकट बसा आणि मागचं चाक किती आत गेलं ते टेपने मोजा. मागच्या चाकाचा वर-खाली होण्याचा एकूण प्रवास १७० मिलिमीटर आहे. तुम्ही बसल्यावर त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ५५ ते ६० मिलिमीटर खाली जावा. ८० जात असेल तर स्प्रिंग आवळा. चेनही तेव्हाच बघा. ती स्टँडवर घट्ट ठेवणारे मिस्त्री भरपूर आहेत. मागचं चाक धरणारा चिमटा वर जाताना चेन ताणली जाते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग मार खातं. तुम्ही बसलेले असतानाही थोडी सैल लागलीच पाहिजे.

घरी आल्यावर स्पोकवर पान्याने एकेक टिचकी मारा. घट्ट असेल तो टणकन वाजतो, सैल असेल तो ठप्प. सैल असलेला पाव फेरा आवळा, त्याहून जास्त एका वेळी नको.

ओढा ओलांडताना आधी चालत जाऊन बघा. पाणी इंजिनात गेलं आणि गाडी बंद पडली तर स्टार्टर दाबायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड. प्लग काढा, मग इंजिन फिरवा, पाणी पिचकारीसारखं बाहेर येऊ द्या.

आणि कुठे जाऊ नये तेही सांगतो. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे आडवाटेला गाडी घालायची नाही. नाणेघाटाच्या दगडी वाटेवरही नाही. सातवाहनांच्या काळापासून माणसं आणि बैल तिथून चढले, तुमच्या टायरने तिचे दगड उखडायची गरज नाही. भाताचे बांध शेतकऱ्याचे, ते चाकाखाली आणू नका. सायलेन्सरही आहे तोच राहू द्या, गावात पोरं झोपलेली असतात.

प्रश्न : माझी मुलगी पाच फूट एक इंच उंच आहे. तिला अशीच गाडी घ्यायची आहे, पण पाय टेकत नाहीत. शोरूमच्या शेजारचा मेकॅनिक म्हणतो, मागच्या शॉकअपची लिंक (जोडपट्टी) बदलून गाडी खाली करून देतो. करावं का? – एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, नको. एक्सपल्सची सीट सुमारे ८२५ मिलिमीटर उंच आहे हे खरं, पण लिंकने मागची बाजू खाली आली की इंजिनाखालची जागा जाते. त्याच जागेसाठी तर आपण ही गाडी घेतो. साइड स्टँडही लांब पडतो, गाडी उभी राहते आणि वाऱ्याने पलीकडे पडते. सीटचा फोम दोन-तीन सेंटिमीटर कापून घ्या, कडा गोल करायला सांगा. पाय उंचीमुळे जितका अडतो, तितकाच सीटच्या रुंदीमुळेही अडतो. मग तिला एखाद्या मोकळ्या मैदानात एकाच पायावर थांबायला शिकवा : थांबण्याआधी शरीर डाव्या बाजूला सरकवायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. दोन रविवार लागतील. पडेल, गुडघा खरचटेल, तर गुडघ्याचे गार्ड आधी घ्या.

आणि गाडी आडवी झाली की तिची तिने उचलायची, तुम्ही हात लावायचा नाही. पाठ गाडीकडे, हँडल आणि मागचं ग्रॅब रेल धरून, पायांच्या जोरावर मागे चालत जायचं. माझ्या शेडमध्ये तिच्याहून बारीक मुलींनी उचललेली मी पाहिली आहे. पहिला गिअर टाकून ठेवा, नाहीतर गाडी निसटेल.