भुसावळला राहतो. शाळेचं गॅदरिंग, घरची लग्नं आणि कानबाईचं (खानदेशातल्या देवीच्या उत्सवाचं) शूटिंग करायला घरगुती एचडी कॅमकॉर्डर घ्यावा, की मोबाईलच पुरे?

गॅदरिंग आणि लग्नांचं लांबलचक शूटिंग असेल तर घ्या; कानबाईच्या जागरणासाठी मात्र घेऊ नका. मी अमळनेरला सात-आठ वर्षं असा कॅमेरा वापरतोय. खरा फायदा ऑप्टिकल झूमचा, म्हणजे भिंगानेच दृश्य जवळ आणण्याचा. हॉलच्या शेवटच्या रांगेतूनही स्टेजवरच्या पोराचा चेहरा स्वच्छ येतो, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या जवळ न जाता काम भागतं. मोबाईलवर तेवढं ओढलं की चित्र फाटतं. शिवाय मे महिन्यातल्या आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत मोबाईल तापून रेकॉर्डिंग थांबवतो, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई! कॅमकॉर्डरही उन्हात ठेवू नयेच, पण सावलीत तास-तासभर चालतो, बॅटरीही बदलता येते.

तोटा मोठा एकच: सेन्सर (उजेड टिपणारी चिप) बारीक. रात्रीच्या मंद उजेडात चित्रात दाणे दिसतात, तिथे अलीकडचा बरा मोबाईल सरस. बाकी कटकटी अशा:

- एव्हीसीएचडी या कॅमकॉर्डरच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये २४ एमबीपीएसने (सेकंदाला २४ मेगाबिट) तासाला साधारण ११ जीबी जागा लागते
- लांब शूटिंगच्या फाइलचे कार्डावर तुकडे पडतात, ते नंतर जोडा
- व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच पाठवता येत नाही

जुना घेणार असाल तर आधी त्याची बॅटरी अजून बाजारात मिळते का ते बघा. ती नसेल तर फुकटातही नको.