इंग्लिश लँग्वेज आणि लिंग्विस्टिक्सच्या (भाषाशास्त्राच्या) डिग्रीत नेमकं काय असतं? इंग्रजी सुधारेल का?

नुसतं इंग्रजी सुधारायला घेत असाल तर राहू द्या, त्यासाठी क्लास स्वस्त पडेल. इथे भाषा खोलून आतलं मशीन बघायचं असतं. आता बघा, कॅट्सच्या शेवटी 'स' ऐकू येतो पण डॉग्जच्या शेवटी 'झ', स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे एसच, असं का? घशावर बोट ठेवून स्स्स आणि मग झ्झ्झ म्हणा, झ ला कंप जाणवेल, ग लाही तो असतो म्हणून ग पुढच्या एसला आपल्यासारखा करून टाकतो. फोनेटिक्समध्ये, म्हणजे उच्चारांच्या अभ्यासात, दिवसभर हेच, शेजारचे वेडा समजतात. नाइटमधला (knight, म्हणजे सरदार; रात्र नव्हे) के पूर्वी खरंच उच्चारायचे, 17व्या शतकाच्या आसपास गळला, असला इतिहासही असतो. सिंटॅक्सने, म्हणजे वाक्यरचनेच्या अभ्यासाने, मात्र मला रडवलं, वाक्यांची झाडं, म्हणजे फांद्यांसारख्या आकृत्या, काढून काढून.