इंदूरहून पचमढी आणि सातपुड्याची सफारी चार दिवसांत कशी जमवावी?

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरात चार दिवस हाताशी आहेत, घरची सहा माणसं आहेत, म्हणजे सत्तरीचे आई-बाबा, तुम्ही दोघं आणि शाळकरी दोन मुलं. मुक्काम पचमढीला ठेवून एक दिवस मढईला (सातपुड्याच्या सफारीचं गेट) जाऊन सफारी करून परत यायचं, हे जमेल का? आणि आपली कार न्यावी की ट्रेनने जावं?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पचमढीहून मढईला जाऊन-येऊन सफारी करू नका. नकाशावर दोन्ही शेजारी दिसतात, कारण जंगल एकच आहे. सातपुडा राष्ट्रीय उद्यान (१९८१), बोरी अभयारण्य आणि पचमढी अभयारण्य मिळून व्याघ्र प्रकल्प झालेला आहे. पण मधून रस्ता नाही. पचमढीहून घाट उतरून मटकुली, तिथून पिपरिया, मग सोहागपूर आणि सोहागपूरहून आत मढई, असं सगळं डोंगर वळसा घालून जावं लागतं. दोन ते अडीच तास धरा. हिवाळ्यात सकाळची सफारी उजाडताच सुरू होते आणि त्याआधी परवाना दाखवणं, नावं तपासणं आणि देनवा नदी बोटीने ओलांडणं असतं. म्हणजे पहाटे साडेतीनला आई-बाबांना उठवून अंधारात घाट उतरायचा. काही जण दुपारची सफारी घेऊन हे टाळतात, तर मग परतीचा घाट रात्री चढावा लागतो. दोन्हींत माणूस थकतो आणि पचमढीचा एक अख्खा दिवसही जातो.

इंदूरकरांसाठी सोपं उत्तर असं की मढई वाटेतच लागते. आपण इंदूर, देवास, सोनकच्छ, आष्टा, सिहोर करत भोपाळ बायपासने मंडीदीप, ओबेदुल्लागंज, नर्मदापुरम (जुनं होशंगाबाद) असं जातो. पुढे माखननगर, सोहागपूर, पिपरिया आणि मग पचमढी. सोहागपूर पिपरियाच्या अलीकडे आहे. म्हणून पहिली रात्र मढईजवळ काढा, दुसऱ्या दिवशी सकाळी सफारी करा आणि दुपारी पचमढी चढा. पुढच्या दोन रात्री पचमढीत.

पहिल्याच दिवशी दुपारची सफारी गाठायचा मोह होईल, तो टाळा. इंदूर ते सोहागपूर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे पाचला निघालात, आष्ट्याला पोहे-जिलेबी झाली, आई-बाबांसाठी दोनदा थांबलात, की एक-दीड वाजतोच. नर्मदापुरमच्या अलीकडे एखाद्या ट्रकमागे अडकलात तर सफारीची वेळ गेली, आणि गेलेल्या वेळेचे पैसे परत मिळत नाहीत. शिवाय मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी बंद असते. तारखा ठरवताना कॅलेंडरवर बुधवार आधी खुणावून ठेवा.

आता परवाना. इथे गडबड होते ती दोन जागी. एक म्हणजे गेट. वन विभागाच्या संकेतस्थळावर सातपुड्याखाली अनेक गेट दिसतात. तुम्हाला मढई हवं आहे. चूरना हे गेटही सुंदर आहे, पण त्याची वाट बैतूल रस्त्यावरच्या भौंऱ्याकडून आहे. जागा शिल्लक दिसली म्हणून चूरना घेतलं आणि हॉटेल सोहागपूरला, असं झालं तर सकाळ वाया जाते. बफरमधल्या, म्हणजे गाभ्याबाहेरच्या पट्ट्यातल्या, गेटांचे परवानेही वेगळे असतात. बफर वाईट नाही, पण आपण काय घेतोय ते वाचून घ्या. दुसरी जागा म्हणजे नावं. परवान्यावर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो आणि गेटवर मूळ ओळखपत्र पाहतात. मुलांची आधार कार्डंही बरोबर ठेवा. ऐनवेळी एकाच्या जागी दुसरा माणूस चालत नाही.

जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या जीपमध्ये, ड्रायव्हर आणि गाइड सोडून सहा जण बसतात, म्हणजे तुमचं कुटुंब एका गाडीत बरोबर मावतं. ऑनलाइन भरतात ते परवान्याचे पैसे. जिप्सी आणि गाइडचे वेगळे द्यावे लागतात, त्यासाठी रोख जवळ हवी. आई-बाबांना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या रांगेत बसवा. शेवटची रांग मागच्या चाकांच्या वर येते आणि कच्च्या रस्त्याचा प्रत्येक धक्का तिथे कमरेला बसतो. मुलांना तीच रांग आवडते.

थंडीचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. उघडी गाडी, पहाट आणि त्याआधी नदीवरची बोट. स्वेटर पुरत नाही, वारा अडवणारं जाकीट लागतं. कानटोपी, हातमोजे आणि गुडघ्यांवर घ्यायला एक शाल. नऊ-साडेनऊला ऊन चढलं की तेच सगळं काढावं लागतं, म्हणून जाड एकाच कपड्यापेक्षा थर घाला. सफारी चार-पाच तासांची असते, तेव्हा आई-बाबांचा सकाळचा चहा बेताने आणि निघण्याआधी प्रसाधनगृह नक्की.

वाघाबद्दल मुलांशी आधीच बोलून ठेवा. कान्हा-बांधवगडच्या मानाने इथे वाघ दिसणं कमी. पण इथलं जंगल डोंगराळ आणि ऐसपैस आहे, गव्यांचे कळप दिसतात, अस्वल दिसण्याची शक्यता चांगली, उंच झाडांवर शेकरू असते आणि कान्ह्याहून आणून सोडलेले बारशिंगे आहेत. मला तरी मध्य प्रदेशातल्या उद्यानांत सातपुडा सर्वांत शांत वाटतो. गाड्यांची रेटारेटी इथे फारशी होत नाही.

सफारीहून साधारण अकराला बाहेर पडून जेवण करून निघालात की तीनपर्यंत पचमढी. पिपरियात टाकी भरून घ्या आणि थोडी रोखही काढा. मटकुलीपासून घाट सुरू होतो. मुलांना गाडी लागत असेल तर जेवण हलकं ठेवा आणि गोळी पिपरियातच द्या, कारण वळणं सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. घाट जंगलातून जातो, जनावरं रस्त्यावर येतात. अंधार पडायच्या आत वर पोहोचा.

पचमढी साधारण १,०६७ मीटरवर आहे, म्हणजे उंचीचा त्रास कोणालाही होत नाही. त्रास होतो तो गुडघ्यांना, आणि त्याचं कारण गावाची ठेवण. पचमढी हे वालुकाश्माचं पठार आहे. पाण्याने त्याला चहूबाजूंनी खोल घळी पाडल्या आहेत आणि धबधबे, गुहा, कुंडं बहुतेक या घळींत आहेत. जाताना उतार, दम लागत नाही, सगळे उत्साहात खाली जातात. चढण परतीला असते, तेही दुपारच्या उन्हात, भुकेल्या पोटी. म्हणून प्रत्येक ठिकाणी आई-बाबांबाबत हा एकच प्रश्न विचारा: खाली किती उतरायचं आहे?

त्या हिशेबाने बी फॉल, म्हणजे जमुना प्रपात, आई-बाबांनी सोडावा. पायऱ्या शेकड्यांत आहेत. ते वर बसतील, तुम्ही मुलांना घेऊन जा. अप्सरा विहारला चालण्याची वाट आहे, कुंड उथळ असल्यामुळे मुलं रमतात. तिथून पुढे रजत प्रपाताचं दर्शन होतं, पण तो शेवटचा टप्पा खडकाळ आहे. जटाशंकरला खाली उतरावं लागतं, मात्र पायऱ्या बऱ्या आहेत, धीम्या चालीने होतं. बडा महादेवला जवळपास सपाट जाता येतं, फक्त गुहेत छतातून पाणी ठिबकत असतं आणि अनवाणी पाय घसरतात. गुप्त महादेवची फट इतकी अरुंद आहे की आडवं होऊन सरकत जावं लागतं. कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. हांडी खोह आणि प्रियदर्शिनी पॉइंट कठड्यापाशी उभं राहून पाहायचे, तिथे काही अडचण नाही. चौरागडच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. या खेपेला तो विषय काढूच नका, त्याला स्वतंत्र दिवस लागतो.

हा वालुकाश्म पावसाचं पाणी मुरवून ठेवतो आणि नंतर हळूहळू सोडतो, म्हणून डिसेंबरातही धबधबे आटलेले नसतात. पण त्याच ओलीमुळे कडेच्या खडकांवर शेवाळ धरतं. पाणी कमी दिसतं म्हणून मुलांना धबधब्याच्या वरच्या बाजूला प्रवाहात उतरू देऊ नका. वरून कोरडा दिसणारा दगडही निसरडा असू शकतो.

आता कारचा प्रश्न. पचमढीत आपली गाडी सगळीकडे चालत नाही. बी फॉल, अप्सरा विहार, रीछगड, धूपगड ही ठिकाणं जंगलाच्या गेटाआड आहेत, तिथे जिप्सीच घ्यावी लागते. परवान्याचं काम बायसन लॉजपाशी होतं. (इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्सिथशी जोडलेली ती वास्तू, आत छोटं संग्रहालय आहे, ते मुलांना दाखवा.) पांडव गुहा, जटाशंकर, हांडी खोह, प्रियदर्शिनी आणि महादेव यांना आपल्या गाडीने जाता येतं. त्यामुळे तिसरा दिवस जिप्सीचा ठेवा आणि गाडीची ठिकाणं दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी नि चौथ्या सकाळी वाटून घ्या. दोन्ही एकाच दिवशी मिसळलीत तर जिप्सीचे पैसे भरून तिला उभी ठेवाल.

जिप्सी ठरवताना चार गोष्टी तोंडी नक्की करा: कोणकोणती ठिकाणं, प्रवेशाचे पैसे आत की वेगळे, दुपारी जेवायला थांबणार का, आणि धूपगडचा सूर्यास्त धरलाय का. शेवटच्यावरून सर्वांत जास्त वाद होतात. धूपगड साधारण १,३५० मीटर, सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर, आणि डिसेंबरात सूर्य साडेपाच-पावणेसहालाच मावळतो. साडेचारला वर पोहोचलं पाहिजे. ड्रायव्हर दुपारी तीनलाच फेरी संपवतो म्हणाला तर सकाळी उशिरा निघा, पण धूपगड सोडू नका. बी फॉल सकाळी आधी करा, गर्दी नसते आणि परतीची चढण उन्हाआधी होते.

ट्रेनचं म्हणाल तर इंदूरहून नर्मदा एक्सप्रेस आणि जबलपूरची ओव्हरनाइट एक्सप्रेस दोन्ही पिपरियाला थांबतात. पण दोन्ही तिथे मध्यरात्रीनंतर उतरवतात. तरुण मंडळी फलाटावर उजाडेपर्यंत बसतील. सत्तरीच्या माणसांना डिसेंबरच्या थंडीत ते सोसायचं नाही. शिवाय मढईसाठी पिपरियाहून वेगळी टॅक्सी करावी लागेल. तुमच्यासाठी कारच बरी, फक्त दोघांनी आलटून पालटून चालवावी. सहा माणसं आणि हिवाळ्याचं सामान पाच आसनांच्या गाडीत घालू नका. सात आसनांची भाड्याने घेतलीत तरी चालेल.

तारखांबद्दल दोन शब्द. २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा शक्यतो टाळा. जिप्सीच्या रांगा, हॉटेलांचे दर, धूपगडच्या वाटेवर गाड्यांची कोंडी, सगळं एकदम येतं. डिसेंबरचा पहिला पंधरवडा हवामानाने तितकाच चांगला असतो. पुढे कधी पावसाळ्याचा विचार केलात तर गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, आणि नागपंचमीच्या आधीचे दिवस पचमढीतल्या नागद्वारी यात्रेचे. विदर्भातून आपली मराठी माणसं तेव्हा हजारोंनी येतात. यात्रेला जायचं असेल तर तेव्हाच जा, नुसतं फिरायचं असेल तर ते दिवस वगळा. महाशिवरात्रीला महादेव रस्त्याचंही तसंच.

हॉटेल घेताना तळमजल्याची खोली आणि गरम पाण्याची वेळ विचारून घ्या. रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरू शकतो आणि काही ठिकाणी गरम पाणी सकाळी दोन तासच मिळतं. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री बाराला खायची आपली सवय तिथे चालत नाही. स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, नऊच्या आत जेवून घ्या.

चौथ्या दिवशी महादेव रस्त्यावरची ठिकाणं आठपासून सुरू करून साडेदहाला घाट उतरायला लागा. इंदूर चारशे किलोमीटरच्या आसपास आहे, थांबत-थांबत नऊ तास लागतात. आई-बाबा दमलेले दिसले तर भोपाळला रात्र काढा आणि पाचव्या सकाळी घरी पोहोचा. एक दिवसाची रजा वाढवता येत असेल तर ती इथेच खर्च करावी असं मला वाटतं.