राजगोपालाचारींमधला 'आचारी'

प्रश्न असा: 'सी. राजगोपालचारी यांच्या नावातलं "चारी" म्हणजे आपला स्वयंपाक करणारा आचारीच का? आणि सी म्हणजे चक्रवर्ती, तर ते बंगाली होते का?'

आधी तो काना लावा. राजगोपालचारी नव्हे, राजगोपालाचारी. राजगोपाल अधिक आचारी, शाळेत शिकलेला साधा दीर्घ संधी. स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपासून बातम्यांपर्यंत हा काना सर्रास गिळला जातो, आणि भारताच्या एकमेव भारतीय गव्हर्नर जनरलचं नाव मोडकं ऐकावं लागतं. बंगाली तर ते नव्हतेच. तेव्हाच्या सेलम जिल्ह्यातल्या थोरपळ्ळीचे तमिळ अय्यंगार, म्हणजे वैष्णव ब्राह्मण. चक्रवर्ती हे घराण्याचं नाव, ते आधी लागतं.

आता खरा शब्द. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्क आपल्या 'निरुक्त' ग्रंथात विचारतो, आचार्य कशावरून? 'आचारं ग्राहयति', आचार शिकवतो म्हणून. किंवा 'आचिनोत्यर्थान्', अर्थ वेचून गोळा करतो म्हणून. हाच आचार्य दक्षिणेत किती घरी नांदला पाहा! तमिळ वैष्णवांच्या नावाला आचारी लागलं, मान द्यायचा तर आचारियार. मल्याळीत आशान् म्हणजे गुरुजी, पण आशारी म्हणजे सुतार, कारण हाताचं कसब शिकवणाराही आचार्यच. एवढ्यावरून राजाजींना, म्हणजे राजगोपालाचारींना, सुतार ठरवणारे विद्वान मला भेटले आहेत. राजाजींचे वडील गावचे मुन्सफ होते, हे एवढं तरी वाचायचं होतं.

आणि आपला आचारी? 'आचार पाळतो तो आचारी, सोवळ्यात रांधतो म्हणून' ही व्युत्पत्ती सगळे डोळे मिटून सांगतात. मला ती साफ अमान्य आहे. सोवळं पुजारी पाळत, भिक्षुक पाळत, घरची आजी पाळे; मग नाव एकट्या स्वयंपाक्यालाच का चिकटलं? शेजारी बघा. गुजरातीत आणि हिंदीत ब्राह्मण स्वयंपाक्याला 'महाराज' म्हणतात, बंगालीत 'ठाकुर'. म्हणजे ब्राह्मणाला आदरानं मारलेली हाकच धंद्याचं नाव झाली. आपल्याकडे ती हाक 'आचार्य' होती, असं माझं ठाम मत आहे. राजाजींचा आचारी आणि लग्नघरातला आचारी, दोघे एकाच आचार्याचे वंशज.

यास्काचा पहिला अर्थ राजाजींना शोभतो. 1933 साली त्यांची मुलगी लक्ष्मी आणि गांधीजींचे पुत्र देवदास यांचं लग्न पुण्यात झालं, वधू ब्राह्मण, वर वैश्य. पौरोहित्य केलं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी, जे पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. 1939 मध्ये मद्रासच्या सरकारचे प्रमुख असताना मंदिरप्रवेशाचा कायदा राजाजींनीच केला. आचार शिकवायचा तो असा.

त्यांच्या तमिळ रामायणाचं नाव 'चक्रवर्ति तिरुमगन', सम्राटाचा पुत्र. तिथला चक्रवर्ती दशरथ. 1958 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पण मला त्यांच्या तमिळ महाभारताचं नाव जास्त आवडतं: 'व्यासर् विरुंदु', व्यासांची मेजवानी. विरुंदुचा जुना अर्थ नवेपण, त्यावरून नवा आलेला म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्यासाठी रांधतात ती मेजवानी. तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ नीतिग्रंथात पाहुणचारावर अख्खा अध्याय आहे, त्याचं नावच 'विरुंदोंबल'.