साक्याचा जाब द्या, खोट्या आरोपाचा नको

ताई,

देवगडहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. पुण्याच्या गिऱ्हाइकांना तुम्ही थेट हापूसच्या पेट्या पाठवल्यात, बऱ्याच फळांत साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, निघाला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांनी तुम्हाला धारेवर धरलं. 'कर्नाटकचा आंबा देवगडचा म्हणून खपवलात' इथवर मजल गेली. त्यात मुंबईच्या पुतण्याने लिहिलं, 'काकी, आता फेस द म्युझिक.' घरच्यानेच थट्टा केली असं वाटून तुम्ही फोन बंद ठेवलाय.

पुतण्यावरचा राग आधी सोडा. आपल्या हातून जे घडलं त्याबद्दलचे बोल तोंड न लपवता ऐकायचे, त्याचा जाब द्यायचा, एवढंच त्याला सांगायचं होतं. काकीला असं एका ओळीत सुनावणं बरं दिसत नाही, पण सांगितलं ते तुमच्या भल्याचं.

आता तुमच्या हातून काय घडलं ते बघू. साका बाहेरून कळत नाही. फळ पिवळंधमक, वास घरभर, आणि कापल्यावर कोयीलगत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. हा हापूसचा जुना दोष आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ साली 'रत्ना' आणला, त्यात साका होत नाही. हापूसमध्ये मात्र कितीही जपलं तरी थोडाफार निघतोच. पण तुम्हीच लिहिलंय की फळ अजून भरेल म्हणून चौदा आणे, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या थोडं आधी, न काढता झाडावर राखलंत, आणि काढलेले आंबे दुपारभर कातळावर उन्हात पडून होते. जास्त तयार झालेलं फळ आणि जमिनीची धग, दोन्हींनी साका वाढतो. एवढा दोष तुमच्याकडे येतो. ते ग्रुपवर सरळ लिहा, कुणाची किती फळं खराब निघाली ते विचारा आणि तेवढ्याचे पैसे परत करा. 'यंदा हवामानच खराब होतं' हे त्यात घालू नका, लोक त्यानेच जास्त चिडतात.

'कर्नाटकचा आंबा' हे मात्र मुकाट्याने ऐकून घेऊ नका. आंबा तुमच्या स्वतःच्या कलमांचा आहे. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात तुमचा सिंधुदुर्ग जिल्हाही आहे. त्या मानांकनाखाली तुमची नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो टाका. नसेल तर ती करून घ्या आणि संशय असणाऱ्याला खुशाल बागेत बोलवा. शिवीगाळ करणाऱ्याला एकदाच सांगा की ही भाषा चालणार नाही, पुढे उत्तर देऊ नका.

वर्षानुवर्षं पेटी घेणाऱ्या घरांना मेसेज नको, फोनच करा. आजच करा, कारण गप्प बसलात त्या प्रत्येक दिवसाने तो आरोप खरा वाटत जातो.

थेट विक्री बंद करू का, असं विचारलंत. मुळीच नको. दलालाकडे माल घातलात तरी साका निघायचा तो निघेलच, फक्त गिऱ्हाईक ते तुम्हाला येऊन सांगणार नाही. पुढच्या हंगामात काढणी सकाळच्या गारव्यात उरका, आंबे लगेच सावलीत न्या, आणि पेटीत एक चिठ्ठी घाला: साका निघाला तर कळवा, बदलून देऊ.