वाचकांचे प्रश्न : पर्यावरणाचे नियम आणि कारखान्यातले शोध

प्रश्न : प्रदूषणाचे नियम कडक झाले की उद्योग नवं तंत्र शोधून काढतात, असं म्हणतात. मग काही ठिकाणी नुसता खर्चच का वाढतो?

कडकपणापेक्षा नियम नेमकं काय मोजतो, ते आधी बघा. अमेरिकेत 1970च्या दशकाच्या अखेरीस कोळशावरच्या नव्या वीजकेंद्रांना धुरातला सल्फर डायऑक्साइड ठरावीक टक्क्यांनी कमी करण्याची सक्ती झाली. कोळशात गंधक कमी असो वा जास्त, स्क्रबर (धुरातला वायू धुऊन काढणारं यंत्र) बसवणं आलंच. टक्केवारी गाठली की काम संपलं. त्याहून जास्त वायू पकडणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नव्हतं. साहजिकच त्या काळातली पेटंटं मुख्यतः स्क्रबर स्वस्तात कसा चालवायचा याची आहेत. स्वच्छ हवा कायद्याच्या 1990च्या दुरुस्तीने सोडलेल्या दर टन वायूमागे एक परवाना ठेवला आणि उरलेले परवाने विकायची मुभा दिली. आता जास्तीचा पकडलेला प्रत्येक टन विकता येऊ लागला, आणि वायू अधिक पकडणारे स्क्रबर शोधण्यात लोकांना रस आला. अर्थात त्याच मुभेचा फायदा घेऊन अनेक केंद्रांनी स्क्रबरच्या भानगडीत न पडता कमी गंधकाचा कोळसा मागवला. हवा त्यानेही सुधारली, पण त्याला शोध म्हणता येणार नाही.

प्रश्न : आम्ही सर्किट बोर्ड जुळवतो. युरोपात माल पाठवायचा तर शिसं चालत नाही. सोल्डर (सांधे जोडायचा वितळणारा धातू) बदललं की भागेल का?

नाही भागणार. विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवर बंधनं घालणारा युरोपीय संघाचा ‘रोहस’ निर्देश 1 जुलै 2006पासून लागू आहे. त्यातली शिशाची 0.1 टक्क्याची मर्यादा अख्ख्या यंत्राच्या वजनावर नसून प्रत्येक एकजिनसी पदार्थावर आहे. बोर्डावरच्या घटकाच्या (चिप, कनेक्टर वगैरे) पायांवरचा मुलामा वेगळा धरतात आणि पायाचा धातू वेगळा. काही अपवाद सोडले, तर सोल्डरमध्ये शिसं नसूनही एका जुन्या साठ्यातल्या कनेक्टरच्या मुलाम्यामुळे सगळा माल अडकू शकतो. म्हणून पुरवठादाराकडून घोषणापत्र घ्याच.

मग तापमान. जुनं 63:37 कथिल-शिसं सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळतं. सध्या रुळलेलं बिनशिशाचं मिश्रण (96.5 टक्के कथिल, 3 टक्के चांदी, 0.5 टक्के तांबं) 217 ते 220 अंशांना वितळतं. रिफ्लो भट्टीचं (बोर्डावर लावलेलं सोल्डर जिथे वितळवतात तिचं) कमाल तापमान साधारण 235 ते 250 अंशांवर न्यावं लागतं, आणि बऱ्याच घटकांची सहनशक्ती 260ला संपते. पूर्वीची ऐसपैस जागा आता उरत नाही. मोठ्या, जड घटकाखाली एक आणि बोर्डाच्या कडेला एक अशी थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावून तापमानाचा आलेख पुन्हा काढा. जुन्या आलेखात नुसते 30 अंश वाढवले, तर छोटे घटक जळतात आणि मोठ्यांचे सांधे कच्चे राहतात.

वेव्ह सोल्डरिंग (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेणं) असेल तर सोल्डरचं भांडं तपासा. कथिलाचं प्रमाण वाढलं की ते साध्या स्टेनलेस स्टीलला खात सुटतं आणि पंप व नळ्यांना खड्डे पडतात. त्यासाठी टायटॅनियमचे किंवा ओतीव लोखंडाचे भाग लागतात. बोर्डावरचं तांबंही भांड्यात विरघळत राहतं. ते 1 टक्क्याच्या आसपास गेलं की सोल्डर नीट वाहत नाही आणि शेजारच्या दोन पायांत पूल बनतात.

शेवटी तपासनिसांचे डोळे. नवा सांधा मंद आणि दाणेदार दिसतो. चकाकी शोधायची सवय असलेला तपासनीस चांगले सांधे ‘कोल्ड’ (नीट न वितळलेले) म्हणून परत पाठवतो, आणि दुसऱ्यांदा तापवल्याने ते खरोखर बिघडतात!

प्रश्न : नियमामुळे काम सोपं झालं, असं एखादं उदाहरण आहे का?

सोल्डरिंगमध्येच आहे. बोर्डावरचा फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावायचा पदार्थ) धुवायला पूर्वी सीएफसी-113 हे ओझोनला घातक द्रावण वापरायचे. ओझोनच्या थरासाठी 1987मध्ये माँट्रिऑल करार झाला आणि पुढे ते बंद होणार हे ठरलं. पर्यायी द्रावण शोधता शोधता प्रश्नच पालटला : धुवायचंच कशाला? त्यातून न धुता चालणाऱ्या फ्लक्सचा वापर फोफावला आणि अनेक ठिकाणी धुण्याची पायरीच गळली. मेख एवढीच, की हा फ्लक्स पुरेसा तापला तरच निष्क्रिय होतो. हाताने दुरुस्ती करताना बाजूला ओघळलेला अर्धाकच्चा फ्लक्स दमट हवेत गळती प्रवाहाला (नको तिथून वाहणाऱ्या विजेला) वाट करून देतो. तेवढी जागा पुसाच.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइड कमी करण्यात सिमेंट उद्योग एवढा मागे का?

तिथला बराचसा कार्बन डायऑक्साइड इंधनातून येतच नाही. चुनखडी तापून फुटते तेव्हा तो सुटतो. त्यामुळे भट्टी कितीही काटकसरी केली तरी हा भाग हटत नाही. क्लिंकरच (चुनखडी भाजून मिळणारा सिमेंटचा मुख्य घटक) कमी करायला हवं, आणि नेमकं तिथेच मानकं आडवी येतात. सिमेंटची ताकद किती असावी एवढ्यावर न थांबता त्यात काय किती घालावं हेही बरीच मानकं सांगतात. साधारण 50 टक्के क्लिंकर, 30 टक्के भाजलेली माती, 15 टक्के चुनखडी आणि 5 टक्के जिप्सम हे मिश्रण चांगली ताकद देतं. माती भाजायला 700 ते 850 अंश पुरतात, क्लिंकरला 1450 लागतात. मातीत केओलिनाइट किमान 40 टक्के असावं. हे सिमेंट पाणी जास्त मागतं. कामगाराने वरून पाणी ओतलं तर ताकद जाते, म्हणून सुपरप्लास्टिसायझरची (पाणी न वाढवता मिश्रण पातळ करणाऱ्या रसायनाची) मात्रा आधी चाचणीने ठरवा. मातीतल्या लोहामुळे रंग तांबूस येतो. ताकदीशी त्याचा संबंध नाही, पण माल नाकारला जातो तो बहुधा यावरूनच.